जे लागत नाही ते

दादा, तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली आणि माझं तुमच्याशी भांडण अजून संपत नाही. आपल्या घरात देव्हारा नव्हता. कोणी विचारलंच, तर चुलीपुढे चहाची बशी धरून तुम्ही सांगायचात, "पावसाला ढग लागतो, वारा लागतो. देव कुठं लागतो? जे लागत न्हाई ते कावून ठिवायचं?" देवळातले म्हातारे उलट म्हणायचे, की सगळं एकानंच केलं, याहून साधं काय असतं. म्हणजे साधेपणा दोन्हीकडून साक्ष द्यायला तयार. तेव्हा हे माझ्या लक्षात आलं नाही. मला वाटायचं, अख्ख्या वडवणी तालुक्यात अक्कल फक्त माझ्या बापाला आहे.

मग तो दुष्काळ. गावच्या दूध सोसायटीत दूध तपासायचं काम तुमच्याकडे. सकाळची वेळ, बायकांची रांग, तुम्ही लॅक्टोमीटर दुधात सोडताय आणि मी शाळेला जाता जाता दारात थांबलेली. शेजारच्या मावशीचं दूध सलग तिसऱ्या दिवशी पातळ निघतं. तुम्ही तिची किटली बाजूला सारता आणि सगळ्यांदेखत सांगता, की पाणी घातलंय, उद्यापासून आणू नको. ती देवाची शपथ घेते. तुम्ही म्हणता, "देवाला कावून मधी आणती? दुधाचं बोल." रांग हसते. मीही हसते. मग ती हळूच म्हणते, "भाऊ, टँकरचं दोन घागरी पाणी मिळतंय प्यायला. दुधात घालाया कुठून आणू?" तुम्ही पुढची किटली घेतलीत. महिनाभरात तिची म्हैस बाजारात गेली आणि दिवाळीनंतर ती ऊसतोडीला.

पुढे मी डेअरीचा कोर्स केला. पहिल्याच वर्षी शिकवलं, की जनावराला नुसते उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याचा पाला, घातले तर दूध आपोआप पातळ होतं, लॅक्टोमीटर खाली जातो. त्या दुष्काळात तिची म्हैस सरकारी चारा छावणीत बांधलेली; तिथे वाढ्यांशिवाय दुसरं काय खात होती? कारणं कमी ठेवणं म्हणजे चौकशी कमी करणं नव्हे, दादा. देव वगळलात ते मला आजही पटतं, पण वगळायचं ते सगळीकडे बघून झाल्यावर. तुम्ही छावणीपर्यंत तरी कुठे गेलात? तुम्हाला साधं उत्तर हवं होतं, कारण मागे रांग खोळंबली होती. याचा मला राग येतो, अजून येतो.

हे पत्र धाडायला पत्ता नाही, आणि असता तरी मी धाडलं नसतं. वर्गात मी हे वाढ्यांचं शिकले तेव्हा तुम्ही जिवंत होता. मावशीही होती. त्या सुट्टीत मी घरी आले, पाच दिवस राहिले, तुमच्या शेजारी बसून जेवले आणि अवाक्षर काढलं नाही. मला माझा बाप बरोबरच ठरायला हवा होता, आणि त्यासाठी तिनं पाणी घातलं असं मानणं सगळ्यात सोपं होतं.