मॉलच्या रसाची दारू

बोईसर
ता. ९ मार्च, रविवार

नर्मदा नणंदबाईस,

जमनावहिनीचा रामराम. इकडे आम्ही सगळे मजेत. तू कशी आहेस ते विचारत नाही. भांडण चालू असलं की तुझी तब्येत चांगली राहते, हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघते आहे. फोन तू उचलत नाहीस म्हणून हा कागद. नवशा पाड्यावर येतोय, त्याच्या हाती देते. अक्षर वाकडं आहे, पण तुझंही काही सरळ नाही. प्रौढांच्या वर्गात आपण दोघी एकत्रच बसलो आणि तू तिथे झोपायचीस.

तर बातमी अशी की दारू झाली. तुझ्यावाचून झाली.

साखरपुड्यातून उठून जाताना तू काय बोललीस ते आठव. "माझी मोहाची दारू मोरीत ओतलीत ना, आता मेघालीच्या लग्नात पितरांना काय सरबत पाजताय? बघतेच मी." मुलाकडची माणसं समोर वडे खात होती, त्यांचे वडे हातातच राहिले. आपल्या घरात पितरांना पाजल्याशिवाय मुलीला हळद लागत नाही आणि ती दारू आजवर तुझ्या भट्टीची यायची. तुला वाटलं, आता ही म्हातारी पाया पडत येईल. मी तेव्हाच मनात म्हटलं, हिला सरबताचीच दारू करून दाखवते.

मेघाली मला मॉलमध्ये घेऊन गेली. आत एवढा गारवा की मी पदर डोक्यावरून घेतला. फळांच्या रसाची खोकी भिंतभर लावलेली, आंबा, पेरू, डाळिंब, सगळी फळं चौकोनी. मी पहिल्यांदा संत्र्याचं उचललं, स्वस्त होतं म्हणून. घरी बाटलीत ओतलं, साखर घातली, बेकरीवाल्याकडून यीस्ट आणलं ते घातलं. ढिम्म. एक बुडबुडा नाही. तू रागावून कोपऱ्यात बसतेस ना, अगदी तसं बसलं. मग मेघालीने खोक्यावरचं बारीक वाचलं आणि म्हणाली, "आजी, यात खराब होऊ नये म्हणून औषध घातलंय." मी म्हटलं, जे खराबच होणार नाही त्याची दारू कशी होणार बाई. ते संत्र्याचं सुनेने पोळ्यांबरोबर संपवलं.

दुसऱ्यांदा द्राक्षाचा आणला, बिनऔषधाचा, मेघालीने नीट वाचून घेतलेला. मोठी बाटली गरम पाण्याने धुतली, साखर-यीस्ट तसंच घातलं. फेस वर येतो म्हणून गळ्याखाली जागा ठेवली. तोंडाला फुगा लावला आणि फुग्याला सुईने एक भोक, नाहीतर बाटली फुटते. घरात फुगा एकच होता, त्यावर हॅप्पी बर्थडे छापलेलं. सकाळी बघते तर तो पडलेला फुगा ताठ उभा. नर्मदे, मी टाळ्या वाजवल्या. मनीष दाढी करता करता बाहेर आला, म्हणाला, "आई, काय झालं?" मी म्हटलं, तुझी आत्या हरली.

कान लावला की आवाज येतो. भातखाचरात खेकड्याच्या बिळातून येतो तसा, बुळुक बुळुक. मी आपली स्टूल घेऊन तिच्याजवळ गवार मोडत बसायची. शेजारच्या विजयाबाई आल्या. त्या घाटावरच्या, नवरा तारापूरच्या अणुवीज केंद्रातून रिटायर झालेला. फुगा बघून विचारतात, "आजी, वाढदिवस कुणाचा?" मी म्हटलं, माझ्या नणंदेचा. आतल्या आत फुगली आहे, तोंडातून शब्द नाही.

फुगा खाली बसला तशी गाळ न हलवता वरची वरची दुसऱ्या बाटलीत घेतली. रंग पिकल्या जांभळाचा. चव आधी आंबट, मग कानाला ऊब. तुझी मोहाची एकदम डोक्यात काठी घालते, ही आपली चालत चालत येते. विजयाबाईंनी औषध म्हणून अर्धा पेला घेतला आणि पुन्हा दोनदा बरं नसल्यासारखं केलं. दुकानातल्या बाटलीच्या मानाने फुकट पडली. आणि भांडं म्हणजे साधी पाण्याची बाटली, स्वच्छ, तुझ्यासारखा कॅन नाही.

आता कॅनचं बोलते, कारण तू पाड्यावर घरोघर सांगत फिरतेस की मनीष फ्लॅटवाला झाला, त्याला आत्याच्या दारूची लाज वाटली. लाज नाही वाटली. साखरपुड्याला तू दारू आणलीस तो कॅन कुठला होता? निळा, केमिकल कंपनीतला. मनीष दिवसभर असलेच कॅन भरतो. त्यात काय असतं ते हातावर पडलं तर कातडी निघते. तो कॅन बघून पोराचा चेहरा उतरला. त्याने न बोलता सगळी मोरीत ओतली. बोलला असता तर मुलाकडचे आपल्या घरचं पाणी तरी प्याले असते का? म्हणून गप्प राहिला. नंतर सांगायला फोन लावले, ते तू कापलेस. भंगारवाल्याकडून कॅन घेतलास, राखेने घासलास आणि म्हणालीस, "वास गेला हाय, काय नाय होत." वास गेला म्हणजे विष गेलं का गं? एवढी दारू गाळलीस आणि भांडं बघायची अक्कल नाही. तो कॅन फोडून टाक. त्यात प्यायचं पाणी भरत असशील तर आजच ओत. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, पण कॅन फोड.

इथपर्यंत लिहून मी उठले होते. कागद पुरा झाला असं वाटलं होतं. नवशा अजून जेवतोय, म्हणून परत बसले.

दारू झाल्यावर काल सकाळी मी म्हटलं, हिच्यावाचून दारू झाली तर पुढचंही होईल. गॅलरीत गेले, पेला घेतला, आणि तू करतेस तसं एकेकाला नाव घेऊन थेंब सोडायला लागले. सासऱ्यांना बोलावलं. सासूबाईंना बोलावलं. त्या जिवंतपणी माझं ऐकायच्या नाहीत, तरी बोलावलं. मग तुझ्या भावाची पाळी आली आणि जीभ उचलेना. संसार केला, मुलं केली, कधी नाव घेतलं नाही. "ऐकलंत का" म्हटलं की ते वळून बघायचे, तेवढ्यावर सगळं भागलं. काल पण "ऐकलंत का" म्हटलं. पण पितरांत किती मेलेले नवरे असतील, कोणाला कळणार कोणाची बायको हाक मारते आहे. थेंब फरशीवर तसेच पडून राहिले, फरशी काही पीत नाही.

विजयाबाई म्हणतात, उखाण्यात घ्या. आमच्याकडे पितर उखाण्याला येत नाहीत, म्हटलं. मनीषला विचारलं तर तो म्हणतो, "आई, बाबांना त्यांच्या बहिणीनेच बोलवायचं असतं, तूच तर सांगायचीस." बाकी बहिणी गेल्या. उरलीस तू, तीही असली.

मेघालीला त्यांनी खांद्यावर बसवून ताडगोळे खायला घातले होते. तिच्या हळदीला ते नसले तर मला ती हळद बघवणार नाही.

म्हणून सांगते. हळदीच्या सकाळी मनीष गाडी घेऊन येईल. त्याला दारात ताटकळत ठेवू नकोस, निघून ये. दारू माझीच ओतायची, मॉलची, त्यात मी ऐकणार नाही. सरबत बोललीस तर तिथेच उत्तर देईन. मी काही विसरलेले नाही आणि तूही विसरू नकोस, जेवण झाल्यावर आपण सगळं काढू. आधी फक्त खाली मातीत बस आणि त्यांना मोठ्याने हाक मार, मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने.

ज्यांचं नाव इथे लिहायलाही हात धजत नाही, त्यांची बायको,
जमना