पुढचा उजवा खांदा आणि प्रोटीन कॉफी

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.१०

आजपासून वजनाची नोंद ठेवणार. सुरुवात: ९७ किलो ८०० ग्रॅम. पप्पूशेठच्या भातगिरणीतला काटा आहे. तो पोत्यांसाठी आहे, त्यामुळं माणसाला किलो-दोन किलो जास्तच दाखवत असणार.

कारण लिहून ठेवतो. गेल्या जत्रेत देवीची पालखी डोंगरावरच्या देवळात नेताना निम्म्या चढावर मी खाली बसलो. दम लागला नव्हता. उन्हामुळं जरा अंधारी आली होती. तेवढ्यात चुलतभाऊ सोमनाथनं दांडीखाली खांदा घातला आणि पालखी वर गेली. पालखीच्या पुढच्या उजव्या खांद्याचा मान आमच्या घराचा. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चौतीस वर्षं तो खांदा दिला, त्यांच्याआधी आजोबांनी. गेल्या वर्षी पहिल्यांदा माझ्याकडं आला. काल देवळापुढं गावाची बैठक झाली. यंदा आमच्या घराचा खांदा मधेच निघाला, तर मान कायमचा सोमनाथच्या घरात जाणार, असं ठरलं. आबाही बैठकीत होते. घरी आल्यावर म्हणाले, जमंल का तुला, न्हाईतर आत्ताच सांग. मी म्हणालो, जमेल काय, जमलंच म्हणून समजा.

जत्रा १० एप्रिलला. सदुसष्ट दिवस. टार्गेट ८२ किलो. म्हणजे दिवसाला पाव किलोसुद्धा नाही. पाव किलो म्हणजे शेंगदाण्याची एक पुडी.

उपाय सापडला आहे. भोरला दुकानात गिऱ्हाईक नसताना व्हिडिओ बघितला. (माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसण्याचं प्रमाण चांगलं आहे.) नाश्त्याऐवजी घरी केलेली प्रोटीन कॉफी. भूक मरते, चरबी जळते, स्नायू राहतात. मला स्नायूच पाहिजेत.

४ फेब्रुवारी, बुधवार

पावडरचा डबा आला. बादलीएवढा आहे. वैष्णवीनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, विचारलं, म्हशीला पेंड आणली का. दुर्लक्ष केलं.

डब्यावर ‘एक स्कूप’ लिहिलंय आणि आत स्कूपच नाही. आमटीची वाटी घेतली. काळी कॉफी फार कडू लागते, म्हणून दूध घातलं. म्हशीचं, घरचं. घरच्या दुधानं वजन वाढतं असं त्या व्हिडिओत कुठंही म्हटलेलं नाही. मिक्सरच्या भांड्यात कालची लसणीची चटणी थोडी राहिली होती. चव आधी चॉकलेटची, मग लसणीची. दोन ग्लास झाली.

अंगात ताकद जाणवली. नऊ वाजता दोन भाकऱ्या खाल्ल्या. नाश्ता बंद आहे, त्यामुळं हे जेवण धरायचं.

९ फेब्रुवारी, सोमवार

चालणं सुरू करायचं ठरवलं. संध्याकाळी भोरहून येताना हिर्डोशीच्या एसटीतून दोन स्टॉप आधी उतरलो. ड्रायव्हरनं बस थांबवूनच ठेवली. काय झालं, कुनी गेलं का, म्हणून विचारत होता. व्यायाम म्हणालो. बसमधली सगळी माणसं खिडक्यांकडं झाली.

चालायला लागलो. पाच मिनिटांत पहिली मोटारसायकल थांबली. नको म्हणालो. दुसरी थांबली. तिसरीवर मामांच्या गावचे पाव्हणे होते, त्यांना नाही म्हणणं बरं दिसत नाही. त्यांनी घरापर्यंत सोडलं. मग त्यांना चहा आणि भजी करावी लागली, आणि पाव्हण्याला एकट्याला कसं खाऊ द्यायचं?

चालणाऱ्या माणसाला आमच्या भागात चालू देत नाहीत. हा सामाजिक प्रश्न आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार. महाशिवरात्र

९९ किलो १००. पप्पूशेठ गिरणीच्या आवाजावर ओरडून म्हणाला, पोतं उतरवून उबा ऱ्हा की! पोतं नव्हतंच. भात घेऊन आलेली चार माणसं हसली.

वजन वाढलं याचा अर्थ स्नायू तयार होतायत. स्नायू चरबीपेक्षा जड असतो, हे शास्त्र आहे. पप्पूशेठला सांगितलं. तो म्हणाला, व्हय व्हय, आणि दुसऱ्याचं पोतं काट्यावर ठेवलं.

आज उपास. साबुदाण्याची खिचडी दोन वेळा. कॉफी तीन वेळा.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी वीज नव्हती. मिक्सर बंद. ताकाच्या रवीनं कॉफी घुसळली. आबा ओसरीवरून बघत होते. बराच वेळ बघितल्यावर त्यांनी विचारलं, लोणी कवा काढतोस?

त्यांना समजावलं. आबा, यात पंचवीस ग्रॅम प्रोटीन आहे. आबा म्हणाले, आमच्या वक्ताला नाचणीची भाकर हुती, आन चालायला डोंगर हुता. मी म्हणालो, तुमच्या वेळी शास्त्र नव्हतं. ते काठी घेऊन उठले आणि बाहेर गेले. हल्ली रोजच सकाळी वरच्या देवळाकडं जातात. म्हातारपणी देवाची ओढ लागते.

१ मार्च, रविवार

प्रॅक्टिस. भाताचं पन्नास किलोचं पोतं घ्यायचं ठरलं होतं. पहिल्याच दिवशी जास्त ताण नको म्हणून पंचवीसचं घेतलं. वरच्या देवळाच्या पायऱ्या चढायला सुरुवात केली. पहिल्या वळणावर मोबाईलला रेंज येते. दुकानाचे फोन तिथंच येणार, म्हणून बसावं लागलं. पाऊण तास वाट बघितली. फोन आले नाहीत. तोवर ऊन वाढलं होतं.

पोतं तिथंच ठेवून आलो. संध्याकाळी आबांनी ते खाली आणलं. मी जाणारच होतो.

वजन केलं नाही. रोज रोज वजन करू नये असं म्हणतात.

८ मार्च, रविवार

स्कूप सापडला! डब्याच्या तळाशी होता, पावडरीत गाडलेला. वैष्णवीनं डबा धुवायला घेतला तेव्हा निघाला. वाटीत किती स्कूप बसतात ते तिनं पाण्यानं मोजून दाखवलं. साडेतीन. आणि मी दिवसातून तीन वाट्या. ती पायरीवर बसून हसायला लागली. मग हसायची थांबली आणि म्हणाली, अवो, डॉक्टरला तरी दावा.

घाबरण्यासारखं काही नाही. दहा महिन्यांचा कोर्स मी एका महिन्यात पूर्ण केला एवढंच. दुसरा डबा मागवला. यावेळी मोठा.

१९ मार्च, गुढीपाडवा

नवीन वर्ष. मागचं सगळं सोडून द्यायचं. खरी सुरुवात आजपासून धरतो.

श्रीखंडही शेवटी दुधाचंच, म्हणजे प्रोटीनच. उरलेलं श्रीखंड कॉफीत घालून फिरवलं. फार चांगलं लागलं. हे कुणालाच सुचलेलं नाही. जत्रा झाली की व्हिडिओ टाकायला हवा.

२७ मार्च, शुक्रवार

पँटचं वरचं बटण तुटलं. कापडाचा दर्जा राहिलेला नाही.

दुकानाच्या चार पायऱ्या चढल्यावर थांबलो. मागून आलेल्या बाईंनी विचारलं, दादा, बरं वाटत न्हाई का? त्यांचा रेशनकार्डाचा फॉर्म भरून दिला. बोट थरथरत होतं. कॉफीमुळं. म्हणजे परिणाम होतोय.

चौदा दिवस राहिलेत. आज पहिल्यांदा मनात आलं की जमणार नाही. लगेच दुसरा विचार केला.

५ एप्रिल, रविवार

जत्रेआधी पाच दिवस मानकऱ्यानं उपास धरायचा असतो. देवळात जाऊन भिमा गुरवाला विचारलं, प्रोटीन कॉफी उपासाला चालते का. दूध चालतं, कॉफी ही बी आहे, पावडर दुधातलीच. त्यानं समईत तेल घालता घालता ऐकून घेतलं. म्हणाला, देवीचं काय न्हाई, पर अमृतराव, तुमी कायबी खाऊ नका पाच दिस, नुसतं पानी प्या, तरीबी देवी रागवायची न्हाई.

चालते असाच अर्थ घेतला. शिवाय शेंगदाण्याचे लाडू, रताळी, वरई. उपासात अशक्तपणा यायला नको.

९ एप्रिल, गुरुवार. संध्याकाळ

१०२ किलो ४००. पप्पूशेठ यावेळी ओरडला नाही. हळूच म्हणाला, जाऊ द्या, काटा बिघडलाय. त्याच्या तोंडून ते ऐकून कसंतरीच झालं. मी स्वतः इतके दिवस तेच म्हणत होतो.

घरी आलो तर सोमनाथ ओसरीवर बसलेला. आबा रानात होते. चहासुद्धा घेतला नाही त्यानं. म्हणाला, दादा, खालनं तू धर. झाडी लागली की मी गुपचूप खांदा घालतो, शेवटाला पुन्यांदा तू घे. कुनाला कळायचं न्हाई. मान तुझाच ऱ्हाईल. माझ्याकडं बघत नव्हता, जमिनीकडं बघत बोलत होता.

डाव ओळखला. त्याला सांगितलं, माझी पूर्ण तयारी आहे, तू तुझा टेम्पो सांभाळ. तो गेला. वैष्णवी आतून ऐकत होती. रात्रीच्या खिचडीला बोलवायला आली नाही, ताट चुलीशेजारी झाकून ठेवलं होतं.

१० एप्रिल, शुक्रवार. सकाळी ५.३०

जत्रा. तीन वाट्यांची एकच कॉफी केली. धोतर पुढून जरा कमी पडतंय. आबांनी कपाळाला भंडारा लावला. हात थोडा जास्त वेळ डोक्यावर ठेवला.

ढग आहेत. ऊन नाही. निघतो.

११ एप्रिल, शनिवार. दुपार

कारण लिहायला बसलो होतो. आधी ‘ऊन’ लिहिलं. खोडलं. ऊन नव्हतं. मग ‘कॉफी बाधली’ लिहिलं. तेही खोडलं.

गावातून सपाटीला नीट नेली. चांगभलं चालू होतं, वरून भंडारा पडत होता. लोक म्हणत होते, अमृतनं यंदा धरली बरं का. पायऱ्या लागल्या. वीसपर्यंत मोजल्या. पुढं मोजता आल्या नाहीत. गेल्या वर्षी जिथं बसलो होतो ती जागा वरती दिसत होती, अजून बरीच लांब. पुढचं पाऊल उचलेना. पालखी उजवीकडं कलली. बायका ओरडल्या. सोमनाथ दोन ढांगांत आला, दांडीला हात लावून तिथंच थांबला आणि आबांकडं बघायला लागला. अजूनही त्याला माझा मान घ्यायचा नव्हता.

आबा गर्दीतून पुढं आले. चपला काढल्या. त्या माझ्या हातात दिल्या. सरक, एवढं म्हणाले. वय त्र्याहत्तर. दांडीखाली गेले.

ते वर कसे गेले ते मी नीट बघू शकलो नाही, कारण मागं पडलो. खालून चांगभलं ऐकू येत होतं, लांब लांब जात. एवढं कळलं की कुठंही थांबले नाहीत, खांदासुद्धा बदलला नाही. आबा रोज सकाळी या पायऱ्या का चढत होते ते मला तेव्हा कळलं. फेब्रुवारीपासून त्यांना माहीत होतं. आम्ही रोज एका घरात उठत होतो, आणि ते माझ्या जागी उभं राहायची तयारी करत होते. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर मी त्यांना प्रोटीनबद्दल सांगितलं असतं.

मी प्रत्येक वळणावर बसलो. पोरीबाळी, म्हाताऱ्या, नारळाची टोपली डोक्यावर घेतलेली रतनबाई, सगळी पुढं गेली. रतनबाई म्हणाली, दमानं या बाबा, देवी कुठं जातीय.

पोचलो तेव्हा आरती झाली होती. अंगणाच्या बाहेर, शेवटच्या पायरीवर उभा राहिलो. आत जायला जागा होती, पण गेलो नाही. आबा पालखीजवळ उभे होते. सदऱ्याचा उजवा खांदा फाटला होता, खालची कातडी लाल. सगळं गाव त्यांच्याकडं बघत होतं. भिमा गुरवसुद्धा घंटा सोडून उभा. मला वाटलं आबा म्हणणार, घरच्या माणसानं खांदा दिला, मान घरातच राहिला. नियमानं तसंच होतं. कुणीही नाही म्हणालं नसतं.

आबा म्हणाले, आज मी आनली. फुडच्या साली माज्यानं व्हायचं न्हाई. आन माज्या घरात दुसरं कुनी न्हाई.

असं म्हणाले. माझ्याकडं बघितलं नाही, मी आलोय हे त्यांना माहीतही नसेल. मग सोमनाथला जवळ बोलावलं, त्याच्या उजव्या खांद्याला भंडारा लावला आणि स्वतःच्या खांद्यावरचा पंचा काढून त्याच्या खांद्यावर टाकला. सोमनाथ नको नको म्हणत त्यांच्या पायावर पडला. रडत होता.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हातात आबांच्या चपला होत्या, त्यामुळं आवाज निराळाच आला आणि सगळ्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं.