ह्यांचा फेट्यातला फोटो

गुरु. ३० ऑक्टो.

सकाळीच बाळारामभाऊजी ओट्यावर. सिरियल येत्या शनिवारपासून लागणार. नाव ‘चौकीत चहा’. शनि-रवि संध्या. साडेसात. चोऱ्या, खून, पण सगळं हसण्यावारी. पहिल्या दोन्ही भागांत आपला मधूच आहे वहिनी, म्हणाले, आणि रडले. मी चहा ठेवला. मला रडायला वेळ नव्हता, माझ्या अंगणवाडीत पोरांची वजनं होती.

मे महिन्यात मुरबाडकडच्या एका बंगल्यावर शूटिंग झालं ते. हे आणि भाऊजी गावच्या नाटकातले जुने गडी. भाऊजींना गर्दीत उभं केलं, ह्यांना मेलेल्याचं काम. म्हणजे खरा मेलेला नाही. गाव समजतं मेला, आणि हा गोठ्यात लपून बसलेला, शेवटी आपल्याच दहाव्याला हजर. घरी येऊन आम्हाला करून दाखवलं होतं. आई, लेक श्वेता, मी, तिघी पोट धरून.

ऑगस्टात हे खरंच गेले. बांधावर, उभ्या उभ्या.

आई आतून ऐकत होत्या. त्यांचा लेक, त्यांचाच हुकूम: “वर्साचं होईपर्यंत ह्या घरात टीव्ही लागनार नाय.” तेव्हापासून टीव्हीवर चादर आहेच. मला सुटल्यासारखं झालं. देवा, ती चादर तशीच राहू दे.

शुक्र. ३१

लिहूनच टाकते. माणसाला सांगता येत नाही, वहीला तरी.

शूटिंगवाल्यांना मेलेल्याचा भिंतीवर लावायला फोटो हवा होता. जुना, फ्रेमचा, घरात असतो तसा. आमच्याकडे होता. भाचीच्या लग्नातला, गुलाबी फेटा, मिशीत हसतायत. आईंचा जीव त्या फोटोवर. हे म्हणाले, दे. मी म्हटलं, जित्या माणसाच्या फोटोला कोणी हार घालतं का? हे हसले. “मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं, येडे. वाढू दे की माझं.”

आई सरळगावला लग्नाला गेलेल्या. मी स्टुलावर चढले. माझ्या ह्या हातांनी खिळ्यावरून काढला, टॉवेलात गुंडाळून दिला. आईंना सांगितलं, काच तडकली, शहापूरला फ्रेमवाल्याकडे टाकलाय. वाटलं, परत आला की लावून टाकू, कोणाला कळतंय!

तो आला नाही आणि हे गेले. आईंनी त्याच दिवशी फोटो मागितला. मी म्हटलं, फ्रेमवाल्याकडून गहाळ झाला. आता भिंतीवर आधारकार्डावरचा मोठा करून लावलाय. आई रोज दिवा लावताना म्हणतात, “हा माजा मधू वाटतच नाय गो.” मी दुसरीकडे बघते. खाई त्याला खवखवे.

त्या हारानंच गेले का? रोज एकदा तरी हे मनात येतंच. अंगणवाडीत आयांना सांगते नजर-बिजर काही नसतं, दवाखान्यात न्या. आणि स्वतः...

शनि. १ नोव्हें.

गाव सगळं भाऊजींकडे, त्यांचा टीव्ही मोठा. आम्ही घरात. मी लसूण सोलत, आई जपमाळ घेऊन. साडेसातला शेजारच्या कुंदाकाकूंच्या घरात पण लागलं. मधे एकच भिंत, ती पण अर्ध्या विटेची.

आणि हे बोलले.

“अगं ए, मी मेलोय, पण मला भूक लागलीय!”

पलीकडे हशा. माझ्या हातातली सुरी तशीच. आईंची माळ थांबली. “मधूच ना गो?” नंतर अर्धा तास त्या भिंतीला पाठ लावून बसल्या. हसण्याचा आवाज आला की डोळे मिटायच्या.

रवि. २, सकाळ

आई चादरीपुढे उभ्या. “काढ ही.”

मी म्हटलं, आणि वर्षाचं?

“ते मेलेल्याचं. काल भित्तीतून बोलला तो जिता हाय. मला बघायचाय तो, चालता बोलता.”

अकराला परत दाखवतात म्हणे. श्वेता कॉलेजला शहापुरात राहते, रविवार म्हणून घरी होती, तिनंच लावून दिलं. हे आले. गोठ्याच्या दारातून वाकून, कमरेवर हात, अगदी घरी यायचे तसेच. शर्ट घरचाच. तिसरं बटण मी लावलेलं, मेळ नसलेल्या रंगाचं. टीव्हीत स्पष्ट दिसतं. लाज वाटली, मग त्या लाजेचंच रडू आलं.

आई हसल्या. ऑगस्टनंतर पहिल्यांदा. तोंडाला पदर लावून, खांदे हलवून. “आरं माज्या वाघा, काय सोंग करतोस!” श्वेता त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून हसतेय, रडतेय. घरात माणूस परत आल्यासारखं झालं होतं. फक्त मला पुढचं माहीत होतं. आज संध्याकाळी दहावा, आणि दहाव्याला फोटो.

रवि., रात्रीचं जेवण कोणी जेवलं नाही

सहा वाजता मी टीव्हीमागची वायर ढिली करून ठेवली. एवढी खालची पायरी गाठली. पडद्यावर मुंग्या. आईंनी भाऊजींना हाक मारली, त्यांनी दोन मिनिटांत बसवली. आणि आता आलोच आहोत तर म्हणून ते बसले, कुंदाकाकू बसल्या, आणखी चारपाच बायका दारात.

दहाव्याचा सीन. नदीकाठ, पिंड ठेवलाय, कावळा शिवत नाही. शिवेल कसा, माणूस जिता! बायको एकेक वचन देतेय, म्हैस विकणार नाही, तुमच्या बहिणीशी भांडणार नाही, कावळा ढिम्म. झुडपामागून हेच कावळ्याला खुणावतायत, खा रे बाबा, सुटू दे मला. बायका हसल्या, आमच्याकडे बघून गप्प झाल्या, परत फुटलं हसू. त्यांचा काय दोष? ते हसवायचेच तसं.

आमच्या दहाव्याला कावळा लगेच आला होता. पान ठेवलं न ठेवलं तोच. लोक म्हणाले, पुण्यवान, कसलीच इच्छा मागे राहिली नाही. मला तेव्हा फार लागलं होतं ते. माझ्यातसुद्धा नाही राहिली?

मग घर. भिंत. फोटो. गुलाबी फेटा, चंदनाचा हार, पुढे उदबत्ती. खाली चौकीची मॅडम खुर्चीत बसून बशीतनं चहा पितेय. खूप वेळ दाखवला. दारातल्या बायका हसत होत्या, कारण फोटोमागच्या खिडकीतून हे स्वतःच्या फोटोला नमस्कार करत होते.

आई हसल्या नाहीत. सगळी गेल्यावर म्हणाल्या, “शापूरला गेलेला ना गो तो?”

मी चहाचे कप गोळा करायला लागले.

“कोनी दिला?”

मी म्हटलं, “ह्यांनीच नेला. मला न विचारता.”

मेलेल्या माणसावर ढकललं. जिभेला हाड नसतं हेच खरं.

सोम. ३

आईंनी ह्यांच्या फोटोपुढे दिवा लावला नाही. आधारकार्डाच्या फोटोशी भांडत होत्या. “आपल्या हातानं आपल्याला हार घालून घेतलास रं. आईला इचारलं पन नाय. हसायला लोक कमी पडले व्हते तुला?” मी चुलीपाशी. एकेक शब्द माझ्या वाट्याचा होता, आणि खात हे होते.

मंगळ. ४

अंगणवाडीत खिचडी वाढताना चार वर्षांची ओवी ताट पुढे करून, “बाई, मी मेलोय, पण भूक लागलीय!” सगळी पोरं तेच. मदतनीस बाईंनी तिला दटावलं. मी म्हटलं, राहू द्या, वाढा तिला.

आया गोळा झाल्या. एक म्हणाली, किती छान केलंय हो भाऊंनी. दुसरी, मला तर बघवलं नाय. तिसरी, शेवटी त्यांच्या नावाची एक ओळ तरी टाकायची होती, श्रद्धांजली म्हणून. चौथी, कोन टाकनार, त्यांना म्हाईत तरी हाय का गेल्याचं? सगळ्यांचं ऐकलं. सगळ्यांचं बरोबर होतं.

गुरु. ६

श्वेतानं फोनवर सिरियलखाली लोकांनी लिहिलेलं पाठवलं. आई गं, किती लोक. ‘हसून हसून पोट दुखलं.’ ‘आमच्या काकांची आठवण झाली.’ ‘दहाव्याची थट्टा करता, लाज वाटत नाही?’ ‘कावळ्याला बक्षीस द्या.’ आणि एक: ‘हे मेलेले काका कोण आहेत? ह्यांना पुढच्या गोष्टीत पण घ्या ना.’ त्याला शंभर जणांनी अंगठा दिलाय.

उत्तर लिहायला घेतलं. नाही येणार ते... खोडलं. कोणा अनोळखी माणसाचं हसू कशाला घालवू? त्याच्या घरी हे जिवंत आहेत, असू दे.

शुक्र. ७

आईंचा पाचवा दिवस. दिवा नाही. जेवण अर्धी भाकरी. कुंदाकाकूंना सांगत होत्या, “माजा मधू माज्याशी खोटं वागला, तेच लागलंय.” पंचेचाळीस वर्षांत हे त्यांच्याशी खोटं बोलले नाहीत. आता मेल्यावर मी त्यांना खोटं पाडलं. हाराचं असो नसो, हे मात्र माझंच.

रवि. ९

सांगितलं.

अंगणात भात पाखडत होत्या. मी समोर बसले, दुसरं सूप घेतलं. म्हटलं, आई, फोटो ह्यांनी नाही नेला. मी काढून दिला. स्टुलावर चढून. तुम्हाला खोटं बोलले, तीनदा. माझ्यामुळं हार पडला त्यांच्या फोटोला. मला मारा, घराबाहेर काढा, पण त्यांचा दिवा लावा.

सूप थांबलं नाही. पाचोळा उडत राहिला. वाटलं ऐकलंच नाही. मग म्हणाल्या, “फोटोनं कोन मरतं गो.”

इतकं हलकं वाटलं मला. तीन महिन्यांचं ओझं, एका वाक्यात. मी त्यांचे पाय धरणार तेवढ्यात त्यांनी सूप खाली ठेवलं.

“त्या दिशी सकाली सातला बोलला, आये, छातीत जलजलतंय, हात भरून आलाय. मी बोलली पित्त असंल. लिंबू-सोडा दिला. बोलला दवाखान्यात जातो किन्हवलीला. मी बोलली आधी पानी बघून ये बांधावर, मंग जा. तो गेला माजं ऐकून.”

सातला. मी साडेआठपर्यंत घरात होते. मागच्या पडवीत कपडे धूत होते. मला कोणी हाक मारली नाही. हे पडले अकराला.

“तुला सांगितलं नाय. कोनालाच नाय. फोटोवर रागवत व्हती ना, तेवढा येल माज्यावरचा राग कमी यायचा.”

पदर डोळ्याला लावला आणि वाट बघत बसल्या. मी काहीतरी बोलेन म्हणून. मी उठले. म्हटलं, गुरं सोडायची राहिलीत. सुटलेलीच होती.

सोम. १०

छातीत जळजळ, हात भरून येणं. हे तर मी आयांच्या बैठकीत सांगते. भिंतीवर चित्र आहे त्याचं आमच्या अंगणवाडीत. मला एक हाक मारली असती तर...

तिकडे जायलाच नको. आई शिकलेल्या नाहीत, लेकाचं वाईट चिंतलं नाही, पित्ताला लिंबू-सोडा सगळं गाव देतं. डोक्याला कळतं. पोटात आग आहे, तिला नाही कळत.

संध्याकाळी आईंनी दिवा लावला. लावून माझ्याकडे बघितलं.

बुध. १२

श्वेताचा फोन. शनिवारपासून नवी गोष्ट आहे, मंदिरातल्या चपलाचोराची, बघणार का? आजी कशी आहे? म्हटलं बरी आहे. सोड्याचं तिला सांगितलं नाही. म्हणजे आता मी पण लपवायला लागले, आईंसाठी. की तिच्यासाठी? कळत नाही.

आज आई दोनदा माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. एकदा विहिरीवर, एकदा चुलीपाशी. त्यांना काय हवंय ते मला माहीत आहे. त्यांनी मला जसं एका वाक्यात मोकळं केलं तसं एकच वाक्य. तुमचं काही चुकलं नाही आई. पाच शब्द. दातांपर्यंत येतात. मी दुष्ट बाई नाही. पण आले की मला सकाळचे सात दिसतात, आणि पडवीत कपडे आपटणारी मी.

जेवायला वाढलं. त्यांचा हात ताटात थांबलेला, मान खाली. मी म्हटलं, “आई...”

लगेच मान वर केली त्यांनी.

“भाकरी घ्या अजून,” म्हटलं मी. त्यांनी घेतली.