त्र्याण्णव किलो शंभर ग्रॅम

२० जानेवारी, सोमवार

८८.६. लिहून टाकलं एकदाचं.

शुक्रवारी सोफिया शहरातल्या डॉक्टरबाईंनी स्क्रीनवर माझ्या दोन्ही किडन्या दाखवल्या. "छान आहेत. डावी घेऊ. मुठीएवढी तर असते, दोनशे ग्रॅमच्या आसपास." मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पण एवढ्या वजनाला मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. शहात्तर करून या. मे महिन्यात परत तपासू."

म्हणजे साडेबारा किलो!

परतीच्या बसमध्ये स्तामेन शेजारी होता. धाकटा भाऊ माझा, एकोणचाळीस वर्षांचा. तीन वर्षं झाली, आठवड्यातून तीनदा तालुक्याला जाऊन मशीनला जोडून घेतो. गावात उतरताना म्हणाला, "ताई, बेकरीतल्या बाईला बारा किलो उतरवायला सांगतायत. देवाला भलतीच चेष्टा सुचते."

आई म्हणाली, "उतरवेल. न उतरवून सांगते कुणाला!"

२३ जानेवारी

सकाळी दही. दुपारी घेवड्याचं सूप, पाव नाही. संध्याकाळी कोबी. पहाटे पाचपासून बारापर्यंत शंभर बनित्सा भट्टीतून काढल्या, प्रत्येकीच्या कडेने चीज वितळून आलेलं. बोटसुद्धा चाटलं नाही. दुपारी संत इलियाच्या टेकडीवर चढले, गुडघे कुरकुरले. वाटेत पेना भेटली. "काय गं सेव्दा, लग्नबिग्न ठरलंय की काय?"

"हो, तुझ्याच नवऱ्याशी," म्हटलं. पंचेचाळिसाव्या वर्षी आणि एका घटस्फोटानंतर असं बोलायची मुभा असते.

१० फेब्रुवारी

८६.४. गावात सगळ्यांना माझा आकडा पाठ. पाद्री चर्चच्या दारात विचारतात, "आज किती?"

१२ फेब्रुवारी

हे फक्त इथे. मला किडनी द्यायची नाहीये.

भीती वाटते, हे एक. सुरी, नळ्या, शुद्धीवर न येणं. पण तेवढंच नाही. बाबांच्या काट्याची गोष्ट आहे. गेर्ग्योव्दनला, सहा मेला, आमच्याकडे घरातल्या सगळ्यांचं वजन करतात, वर्षभर तब्येत राहावी म्हणून. अक्रोडाच्या फांदीला लोखंडी काटा टांगायचा, एकेकाने हुकाला लोंबकळायचं, आणि आकडा खडूने कोठाराच्या दारावर. स्तामेन जन्मला तेव्हा बाबांनी सणाचीही वाट पाहिली नाही. त्याला चाळणीत घालून टांगला आणि सगळ्या गावाला राकिया पाजली. मी तेव्हा सहा वर्षांची. तोवर दारावर माझं नावच नव्हतं! मग आठवण झाली म्हणून त्याच्या खाली लिहिलं.

आणि जाताना माझं मनगट धरून काय म्हणाले? "त्याला लागेल ते दे." जन्मात माझ्याकडे एक गोष्ट मागितली, ती पण त्याच्यासाठी. मी "हो" म्हटलं. मरणाऱ्याला दुसरं काय म्हणणार.

स्तामेनवर राग नाही. त्याला लहानपणी मीच कडेवर फिरवला. पण "नाही" म्हणायचं तोंड नाही मला. वजनच उतरलं नाही तर मात्र कोण काय बोलेल? बिचारीने किती केलं, म्हणतील.

आज दुपारी कोठारात उभ्याने तीन बनित्सा खाल्ल्या. रडत नाही, चवीने.

१७ फेब्रुवारी

पाच दिवस रोज बनित्सा, वर अक्रोड आणि मध. ८५.७.

वजनाचं यंत्र बिघडलंय. सेल बदलले. ८५.७.

२२ फेब्रुवारी, शनिवार

मृतांचा शनिवार. आई आणि मी उकडलेले गहू आणि वाईन घेऊन बाबांच्या थडग्यावर गेलो. आईने थडग्यावर वाईन ओतली, गहू शेजारणींना वाटले. मला द्रोणभर दिले, साखर घातलेले. सगळे खाल्ले. घरी येऊन पाहिलं — ८५.०.

घरात शिरताना आई दाराशी थांबली. आत खिळ्याला बाबांचा मेंढीच्या कातड्याचा कोट असतो, सहा वर्षं तिथेच. आई दर गेर्ग्योव्दनला तोही काट्याला टांगते. नाव आहे तर आकडा हवा, म्हणते. बाबांच्या नावापुढे सहा वर्षं तेच, साडेचार किलो.

आज तिने बाही चाचपली. "यंदा भरलेत तुझे बाबा," म्हणाली, आणि चुलीकडे गेली.

ओल धरली असेल. हिवाळा आहे.

२ मार्च

उद्यापासून मोठा उपास. आज छताला दोरीने हलव्याचा तुकडा टांगून, हात न लावता तोंडाने पकडायचा खेळ. स्तामेनच्या तोंडी दोनदा लागला, तिसऱ्यांदा त्याने मुद्दाम माझ्याकडे ढकलला. नंतर उरलेला अख्खा हलवा मी भांडी घासताना संपवला.

८४.१.

काल आईने सगळ्यांच्या मनगटाला मार्चचा लाल-पांढरा दोरा बांधला. आज बघितलं, कोटाच्या गुंडीलाही बांधलाय.

८ मार्च

खिळा वाकलाय. बोटाएवढा जाड खिळा, बाबांनीच ठोकलेला.

१९ मार्च

आज आई चर्चमध्ये होती तेव्हा केलं. आधी नुसती उभी राहिले, ८३.०. मग कोट काढला. काढला काय, ओढला. ओला नव्हता. कोरडा ठणठणीत, खिसे रिकामे, तंबाखूचा वास. मिठी मारून यंत्रावर उभी राहिले.

९३.१.

वजा करून बघितलं. कोट दहा किलो शंभर ग्रॅम. मग बसून जानेवारीचं गणित केलं. तेव्हाची मी ८८.६, तेव्हाचा कोट साडेचार. बेरीज ९३.१.

पुन्हा उभी राहिले. पुन्हा तेच. माझं उतरलेलं कुठे गेलं नव्हतं. घरातच होतं, दाराआड.

कोट परत लावायला दोन्ही हात लागले. लावताना त्याचे खांदे पडले नाहीत. भरलेलेच राहिले.

२० मार्च

जेवले. भरपूर. ८२.७.

३ एप्रिल

काल कोट चादरीवर घालून कोठारापर्यंत ओढत नेला. तेरा किलोंच्या वर असेल. बाहेरून कडी घातली.

आज बेकरीतून आले तर कोट पुन्हा दाराआड. नवा खिळा, नांगराचा.

"आई, तू आणलास?"

"मी? माझ्या खांद्याने दुधाची बादली उचलवत नाही. खिळा तेवढा ठोकला, परत आलेल्याला टांगायला काहीतरी लागतंच ना."

"आई, हे काय चाललंय?"

ती वाटाणे सोलत होती. "तू 'हो' म्हणाली होतीस, मी खोलीत होते. तुझ्या बापाला कुणी हो म्हटलं की ते वसूल झाल्याशिवाय झोप लागायची नाही. जिवंतपणीही असंच होतं."

म्हणजे तिला माहीत आहे. वजनाचंही आणि कोठारातल्या बनित्साचंही.

१० एप्रिल

७९.०. स्कर्ट सेफ्टी पिनेवर. रस्त्यात बायका वळून बघतात. पेना हात धरून म्हणाली, "मला पण सांग गं, काय खातेस?" मी खरं सांगितलं, "सगळं." ती रुसली.

रात्रीच नाही, दिवसाही त्या दाराजवळून जाताना मी आता कडेने जाते.

१२ एप्रिल, शनिवार

स्तामेन आला होता. मी कोठारात, तोंडात घास. लपवायला वेळच मिळाला नाही. तो उंबऱ्यावर टेकला आणि म्हणाला, "मलाही दे एक. मीठ चालत नाही, पण दे."

दिली. अर्धी खाल्ली त्याने, अगदी हळू.

"मी फेब्रुवारीपासून बघतोय, ताई. कागद पेंढ्यात लपवतेस. लहानपणीही असंच करायचीस."

मला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"नाही म्हण ना," तो म्हणाला. "मनात नसताना दिलेलं मला नको. सोफियाला मीच कळवतो, माझाच विचार बदलला म्हणून. आईला काही कळणार नाही."

"आणि तू?"

"मशीन आहे की."

त्याने बाही वर केली. हाताची, मशीनच्या सुया टोचतात ती शीर दोरखंडाएवढी फुगलेली. माझी बोटं तिच्यावर ठेवली. आत काहीतरी सारखं गुणगुणत होतं. "ही पण थकत चाललीय," म्हणाला, "दुसऱ्या हाताला जागा नाही." तक्रार म्हणून नाही. हवापाण्याचं बोलावं तसं.

तो गेल्यावर मी तडक दाराआड गेले. भर दुपारी कोटासमोर उभी राहिले. खूप रडले आधी. मग म्हटलं, "बाबा, ग्रॅम-ग्रॅम काय चोरताय? मला कधी नीट विचारलंत का? आता मीच सांगते. बाबा, तुमच्यासाठी नाही, त्याच्यासाठी देते. जे न्यायचंय ते न्या एकदाचं, आणि मला सोडा."

कोट हलला नाही. लाल-पांढरा दोरा तेवढा गुंडीवरून खाली पडला.

१३ एप्रिल

कंबरेत डावीकडे लचक. पिठाची गोणी उचलली असेन.

२० एप्रिल, ईस्टर

आता मनापासून करतेय. दही, कोबी, टेकडी दोनदा. लाल अंडं एकच. लोकांना फरक कळत नाही, मला कळतो. भूक लागते. पहिल्यांदाच खरी भूक लागली.

७७.३. स्तामेनला सांगितलं, सोफियाला काही कळवू नकोस, मी येणार आहे.

६ मे, गेर्ग्योव्दन

कोकरू भट्टीत, अक्रोडाला काटा. आई ६१. स्तामेन ६३. मी लोंबकळले, आणि आईने चष्मा सरकवून वाचलं, "शहात्तरच्या आत!" स्तामेनने खडू घेतला आणि माझं नाव पहिल्यांदा सगळ्यांच्या वर लिहिलं.

मग कोट. स्तामेनने आणि मी मिळून उचलला. त्याने माझ्याकडे बघितलं, मी मान खाली घातली. सतरा, काटा म्हणाला. आईने शांतपणे लिहिलं.

राहवलं नाही. घरात जाऊन यंत्रावर नीट केलं. मी ७५.८. कोट घेऊन ९२.९.

तीनदा केलं. ९२.९.

दोनशे ग्रॅम कमी. जानेवारीपासून एक ग्रॅम इकडेतिकडे झाला नव्हता. कुठे गेले?

जेवताना स्तामेन उठून कोठारामागे गेला. बऱ्याच वेळाने आला, चेहरा पांढराफटक. "काय झालं रे?" "काही नाही." पण कोकरू खाल्लं नाही, आणि सारखा माझ्याकडे बघत होता.

८ मे

स्तामेनचा फोन. कुजबुजत होता, घरात एकटा असूनही. "ताई, कुणाला सांगू नकोस. मला लघवी होतेय. परवापासून. काल मशीनवर घेतलंच नाही त्यांनी, रक्त दोनदा तपासलं. म्हणाले, घरी जा." तीन वर्षांनी! तो हसत होता की रडत होता, कळेना.

मी म्हटलं, बरं झालं. हात कंबरेवर गेला. लचक गेली होती.

१२ मे, सोमवार

सोफिया. डॉक्टरबाई बराच वेळ यंत्र माझ्या डाव्या बाजूला फिरवत राहिल्या. मग स्क्रीन माझ्याकडून दुसरीकडे वळवली. मला कुशीवर वळवून पाठ पाहिली, बोटांनी चाचपली, पुन्हा पाहिली.

"व्रण कुठे आहे?" त्यांनी विचारलं. "कुणी काढली तुमची किडनी? कुठे?"

मी म्हटलं, "घरीच."