कानाच्या मशीनची जाळी

४ सप्टेंबर

आजपासून हिच्या कानाची दोन्ही मशिनं मी साफ करणार. जाहीर! काल सभेत गर्जून आलो — घरकाम वाटून घेतल्याशिवाय समतेचं नाव घेऊ नका! टाळ्या कडाडल्या. मग घरी येऊन नुसतं आयत्या ताटावर बसायचं? सकाळी हिच्या हातातून ब्रश काढून घेतला.

"अहो, माझं मी करते की. नाजूक असतं ते."

म्हटलं, आजवर तू केलंस, आता पाळी माझी. ही हसली. "बरं, घ्या हौस फेडून."

हौस! तत्त्व आहे हे.

९ सप्टेंबर

कोरड्या फडक्याने पुसायचं, ब्रशने मळ झाडायचा, झोपताना डबीत ठेवायचं. पाण्याचा थेंब लावायचा नाही. टोकाला मोहरीएवढी जाळी असते, मळ आत जाऊ नये म्हणून. आज त्या जाळ्याही बदलल्या; नव्या जाळ्या पाकिटातून बारीक काड्यांच्या टोकांवर बसवलेल्या येतात. सोबत घडी घातलेला कागद होता. जाडजूड ग्रंथ पचवले, हा चिटोरा काय वाचायचा!

२० सप्टेंबर

हिचं लक्षच नसतं हल्ली. चहा मागितला — "काय?" वर्तमानपत्र मागितलं — "काय?" ओरडून ओरडून घसा बसला.

"मशीनमधून कमी येतंय का हो?"

"मी स्वतः साफ करतो! मशीनला काय धाड भरलीय?"

खेकसलोच. नात दचकून रडायला लागली. दीड वर्षाची आहे, सगळे ठमी म्हणतात. मुलगा-सून कामावर जाताना आमच्याकडे सोडून जातात, दिवसभर हिच्याकडेच असते. हिने तिला उचललं आणि आत गेली. 

२६ सप्टेंबर

सूनबाई आज लवकर आली. ठमी आतल्या खोलीत रडून लालबुंद. ही स्वयंपाकघरात पाठमोरी, भांडी घासत. हिला पत्ताच नाही! आणि मी? बाहेरच्या खोलीत उद्याच्या भाषणाची तालीम करत होतो, खड्या आवाजात. मलाही माझ्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

चिरंजीव संध्याकाळी म्हणाले, "सोमवारपासून ठमी पाळणाघरात. आईला ऐकू येत नाही, बाबा. उद्या काही झालं तर?"

ही ठमीची झबली घडी करून पिशवीत भरत राहिली. एक झबलं पुन्हा उलगडलं, पुन्हा घडी घातली.

३ ऑक्टोबर

घर खायला उठतं. हात रिकामे म्हणून तो कागद उघडला — आणि पायाखालची जमीन सरकली.

काडीला दोन टोकं असतात. एकाने जुनी जाळी ओढून काढायची, मग काडी उलटी करून दुसऱ्या टोकावरची नवी बसवायची. मी काडी उलटी केलीच नव्हती! त्याच काड्या डबीत पडल्या होत्या, नव्या जाळ्या टोकांवर जशाच्या तशा. म्हणजे मळाने बुजलेल्या जुन्याच जाळ्या मी परत दाबून बसवल्या — वर हिलाच खेकसलो!

नव्या बसवल्या. मशिनं हिच्या हातात दिली. कानात घातली, तशी म्हणाली, "अगं बाई, नळ ठिबकतोय वाटतं."

मी उठून नळ घट्ट केला. व्यासपीठं हादरवणारा मी!

४ ऑक्टोबर

सांगितलं नाही.

७ ऑक्टोबर

आजचं भाषण — चूक कबूल करायला छाती लागते! टाळ्या. प्रत्येक टाळी थोबाडीत बसली.

ही घरी रिकाम्या पाळण्याच्या दोऱ्या सोडत होती. "धुवायला काढते," म्हणाली.

८ ऑक्टोबर

सांगून टाकलं. आधी हिला. म्हणाली, "असू दे. मुद्दाम का केलंत?" त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग मुलाला-सुनेला बसवून सांगितलं : दोष हिच्या कानांचा नाही, माझा आहे. आता हिला सुई पडली तरी ऐकू येतं. ठमीला परत आणा.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "बघू, बाबा."

बघू? आता काय बघायचं राहिलंय?

९ ऑक्टोबर

सूनबाई एकटी आली. उभ्या उभ्याच बोलली. "रागावू नका, बाबा. ठमी त्या दिवशी तुमच्या आवाजाला घाबरून रडत होती. पाळणाघरातसुद्धा कुणी मोठ्याने बोललं की टेबलाखाली जाऊन बसते. हे तुम्हाला सांगणार कोण? शेवटी आईच म्हणाल्या — माझ्या कानांचं निमित्त सांगा. त्यांना खरं सोसायचं नाही."