उतारावरची कॉफी

११ मार्च
वर्गात आज पुन्हा तेच. जोड्या लावा. ब्राझील – कॉफी. पोरांनी लावली, मी बरोबरची खूण केली, पुढं मलेशिया – रबर. एवढ्यात आख्खं झाड संपलं. आणि तिकडं राधानगरीच्या वर, माहेरच्या उतारावर, माझी स्वतःची झाडं पहिल्यांदाच कळ्या धरून उभी आहेत. स्टाफरूममध्ये सांगितलं तर म्हणे, "आपल्याकडं येते होय कॉफी?"
संध्याकाळी अण्णाला फोन. कळ्या टाचणीच्या डोक्याएवढ्या होऊन थांबल्यात. आता एकदा भरपूर पाणी मिळालं तरच फुलतील, नाहीतर जळतील. थोरला भाऊ तो, काय म्हणाला? "ऊस करपाय लागलाय हितं. तुज्या झुडपांना कुठनं घालू पाणी?" आणि वर, "यंदा फळ न्हाय धरलं तर ती पट्टी काजूला घालूया, शैले."
घालूया. म्हणजे ठरलंय. जमीन दोघांची, पण राबतो तो. मी रविवारची पावणी. भांडायचं कुठल्या तोंडानं.

२८ मार्च
तिकडं वळीव झाला! कोल्हापुरात नुसती धूळ. वहिनीचा फोन, "वन्सं, तुमच्या झाडांस्नी देवानंच पाणी घातलं बगा." म्हणजे अण्णा घालणार नव्हताच.

६ एप्रिल
फुलली. मी इथं उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर. वहिनीनं व्हिडिओ पाठवला, निम्म्यात तिचं बोट. आवाज तेवढा स्वच्छ, "मोगऱ्यागत वास सुटलाय. पार परड्यापातूर येतोय."
फुलं दोन-तीन दिवसांची. नवऱ्याला, श.ला म्हटलं, आत्ता निघू. तो म्हणाला, गाडी सर्व्हिसिंगला टाकलीय. आजच.

९ एप्रिल
एस.टी.नं गेले. सगळी तपकिरी. मुठीत चुरगळलेल्या कागदासारखी. वास नाही. तीन वर्षं थांबले आणि पहिला बहर बघायला मीच नाही. अण्णा म्हणाला, "फुलं काय बघायची, फळ धरलं म्हंजे झालं की." त्याचं बरोबर आहे, म्हणून जास्त राग आला.

१९ जुलै
गावाकडचा रस्ता पाण्याखाली. जाता येत नाही. फळं धरलीत म्हणे, हिरवी, वाटाण्याएवढी. पण वहिनीनं पाठवलेल्या फोटोत पानाच्या पाठीवर नारिंगी भुकटी. तांबेरा.
सिलोनचं हेच झालं होतं. इंग्रजांचे कॉफीचे मळे, डोंगरच्या डोंगर. हा रोग आला आणि काही वर्षांत सगळं उपटून चहा लावावा लागला. जग आज सिलोनचा चहा पितं ते ह्या भुकटीमुळं. एका बेटाचं असं झालं, माझी पट्टी ती केवढी.
मोरचूद-चुन्याचं मिश्रण फवारा म्हटलं. अण्णा, "कवा फवारू? हितं छत्री मिटाय उसंत न्हाय."

२७ जुलै
उघडीप. अण्णानं फवारलं. न सांगता. हे मात्र लिहून ठेवते.

२४ ऑगस्ट
गवे शिरले. खालच्या दोन रांगा भुईसपाट. खाल्लं काही नाही, नुसते चालत गेले. त्यांचं वजन ते.
पंचनाम्याला माणूस आला. पान उलटंसुलटं करून, "ही काय, तुती हाय?" म्हटलं कॉफी. "कॉफी बागायतीत धरायची का जिरायतीत?" मला काय ठाऊक! शेवटी त्यानं 'फुलझाडे' लिहिलं. अण्णा गालात हसत होता. मीही हसायला हवं होतं.

२१ सप्टेंबर

पट्टीवर गेले तर वर नुसतं आभाळ. जांभूळ, फणस, ऐन, सगळ्यांच्या फांद्या साफ. नुसते खुंट उभे. खाली माझी झाडं उघडी पडलेली.
"अण्णा, हे कुणी केलं?"
"मीच की. चार गडी लावून." तोंडभर हसून. "आता बघ कशी वाढत्यात. सावलीत गुदमरत हुती."
सावलीचंच झाड आहे ते! इथिओपियाच्या जंगलात, मोठ्या झाडांखाली वाढलेलं. तिथून अरबस्तानात, तिथून तो फकीर कमरेला सात बिया बांधून आपल्याकडं घेऊन आला म्हणतात, तेव्हापासून कर्नाटकात सावलीतच वाढवतात. हे सगळं मी ओरडून सांगितलं. पट्टीवर उभं राहून, गड्यांसमोर.
अण्णा, "मोबाईलवर बघितलंय मी. ब्राझीलात कुठं हाय सावली? मैलच्या मैल उन्हात हाय, मशिनीनं तोडत्यात."
ब्राझीलमध्ये आहे उन्हात. जात वेगळी, खतं वेगळी, ढगाळ डोंगर वेगळे. पण हे मी त्याला कधी सांगितलं? म्हटलं, "तुला काही कळत नाही तर हात कशाला लावलास?"
त्याचं तोंड उतरलं. "तुज्यासाठीच केलतं. लावायचं हुतं मग तिकडंच, त्या फकिराच्या गावाला." आणि गेला. जेवायला आला नाही. वहिनीनं ताट झाकून ठेवलं. मी शेवटच्या एस.टी.नं परत.

५ ऑक्टोबर
अण्णा फोन उचलत नाही. इथं घरात पंखा फुल, तरी घाम. तिथं काय होत असेल. श. म्हणतो, "झाडं परत लावता येतील, भाऊ..." वाक्य पुरं करत नाही. ह्या सवयीचा वैताग.

८ ऑक्टोबर
वहिनीचा फोन. पानं करपाय लागली म्हणून तिनं जुन्या साड्या फाडून खुंटांना बांधल्यात, झाडांवर मांडव केल्यागत. "माज्या लग्नातली हिरवी पण लावली. वारं आलं की पाखरं उठत्यात." एकटीनं? "न्हाय. हे हुतं की. वरच्या गाठी ह्यांनीच मारल्या. तुमाला सांगू नको म्हणालं."

१४ डिसेंबर
फळं पिकली. निम्मी उन्हानं काळी पडून गळालेली. उरलेली लाल, पिकल्या करवंदासारखी मऊ. वहिनी आणि मी तोडली. गोडसर गर, आत दोन बिया पोट चिकटवून. सोलल्या, भिजत घातल्या. अण्णा गोठ्यात. समोरासमोर आलो तर, "पाणी बदल त्याचं, वास मारंल." एवढंच. बरोबर होतं.

४ जानेवारी
बिया गच्चीवर वाळवल्या. शेजारणीनं भुईमूग समजून फोडून बघितल्या. आज लोखंडी तव्यावर भाजल्या. पहिला घाणा कोळसा. दुसरा बरा. घरभर धूर, श. खिडक्या उघडत फिरतोय.
प्यायले. कडू, मागं जरा आंबूस. विकतच्यापेक्षा चांगली नाही. खरं लिहायचं तर साधीच. रडू आलं, ते कशाचं कळलं नाही. रागच असावा.

११ जानेवारी
डबीत घालून गावाला नेली. वहिनीनं दुधात केली, चहासारखी उकळून. थांबवलं नाही. अण्णानं बशीत ओतून प्यायली. "हं." आणखी थोडी घेतली. काजूचं काढलं नाही. मीही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.
पट्टीवर गेलो. खुंटांना अजून साड्यांच्या चिंध्या. त्यांच्या मध्ये मध्ये नवे दांडे रोवलेले. पांगाऱ्याचे. सावलीसाठी. अण्णानं, न सांगता.
आता पांगारा लावतात पावसाच्या तोंडावर, जानेवारीत नाही. ह्यातले किती फुटतील देव जाणे. शिवाय दोन ठिकाणी तर कॉफीच्या मुळातच दांडा ठोकलाय. माझ्या ओठांवर आलं होतं सगळं.
अण्णानं एक दांडा हलवून बघितला, पक्का आहे का. मग माझ्याकडं न बघता,
"बरोबर हाय न्हवं?"
मी अजून एक दांडा हलवून बघितला आणि म्हटलं, "हाय."