धाकटीचा पान्हा

आये, आज जनावरांच्या दवाखान्यात माजिवड्याहून दोन कुत्र्या आणलेल्या. एकाच वेळी जन्मलेल्या, एकाच घरात वाढलेल्या बहिणी. दिवाळी होऊन आठवडा झालाय. एक टेबलावर बसून माझा हात चाटत होती, दुसरी बाकाखाली शिरून थरथरत होती. तू गेल्यावर मी कंपनी सोडली आणि इथे जनावरं धरायच्या कामाला लागलो, ते तू पाहिलं नाहीस. कुत्र्यांच्या मालकीणबाई वैतागलेल्या, म्हणे हिचे नखरेच फार. आमच्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीएवढ्या असतील. त्या खाली फरशीवर बसल्या आणि म्हणाल्या, "नखरे नाहीत हो. फटाक्यांचा आवाज दोघींनी ऐकला. एकीच्या मेंदूने भीतीची घंटा वाजवली आणि बंदही केली. हिच्या मेंदूला ती बंद करणं जमत नाहीये. फटाके संपले, हिच्या आत चालूच आहेत." मी त्या कुत्रीच्या मानेवर तळवा ठेवला, तू ठेवायचीस तसा, आणि मला आपला गोठा दिसायला लागला.

बाळकुमचा गोठा. दुपार उतरलेली, खाडीकडून वारा येतोय, कुडाच्या फटींतून आलेलं ऊन थोरल्या म्हशीच्या पाठीवर पट्टे ओढतंय. शेजारच्या शेतात पहिली मोठी इमारत उठते आहे आणि पाया घालायचं मशीन दिवसभर जमीन ठोकतंय. थोरली कान हलवते आणि रवंथ करत राहते. धाकटी, तिच्याच पाठची म्हैस, डोळे पांढरे करून उभी. मशीन बंद असलेल्या पहाटेही ती कास भरलेली असून थेंब सोडत नाही. मी बाविशीतला. खोपटच्या चहावाल्याकडे दूध टाकून मला कंपनीतली सातची पाळी गाठायची असते. मी म्हणालो, चोर आहे ती, विकून टाक. तू मान वळवूनही बघितलं नाहीस. "चोर नाय रे ती," तू म्हणालीस, "तिचे डोक्यान अजून मशीन वाजते." मग तू तिच्या मानेवर तळवा ठेवून, गावदेवीचं नाव पुटपुटत, अर्धा अर्धा तास बसून राहायचीस. कधी ती पान्हा सोडायची, कधी नाही.

एक दिवस एका तबेलेवाल्याने मला लहानशी बाटली आणि सुई दिली, टोचली की लगेच पान्हा सुटतो म्हणाला. तू तुळशीला पाणी घालायला गेलीस की मी गोठ्यात जायचो. तू येऊन बसेपर्यंत धाकटी मोकळी झालेली असायची. तुला वाटलं, देवीने ऐकलं. तू नारळ फोडलास, खोबऱ्याचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवलास, आणि मी तो डोळे मिटून खाल्ला. पुढे धाकटी माझी पावलं ऐकली तरी दावं ताणायची. तू विचारलंस, "तुला बघून का रे दचकते ही?" मी म्हणालो, चपला नव्या आहेत.

आज कुत्र्या गेल्यावर मी डॉक्टरीणबाईंना भीतभीतच त्या सुईबद्दल विचारलं. कोण टोचायचं, ते सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "काका, त्या बाटलीत जे असतं ना, ते म्हशीच्या मेंदूत आपोआप तयार होतं. भीती ते अडवून धरते. ओळखीचा हात लागला, जीव निवांत झाला, की सुटतं." मी अंगातला ॲप्रन धुवायच्या निमित्ताने मोरीत गेलो.

आता गोठ्याच्या जागी आपल्याच इमारतीचं पार्किंग आहे. देवापुढे दिवा लावला की मी खाली जाऊन तिथे थोडा उभा राहतो. गाड्या असतात, पण मला ओल्या गवताचा वास येतो आणि कुणीतरी सावकाश श्वास सोडल्यासारखं वाटतं. हे पत्र कुठे पाठवायचं असतं, ते गावच्या शाळेत शिकवलं नाही. देव्हाऱ्याच्या खणात राहील.

एक उरलं. मी कल्याणला ताईकडे चार दिवस गेलेलो, आठवतंय? परत आलो तेव्हा तू चुलीपाशी बसून सहज बोलून गेलीस, धाकटी रोज भांडं भरून देतेय म्हणून. ते चार दिवस सुई नव्हती, हे फक्त मला माहीत होतं. तुझा हातच पुरत होता, हे मला त्याच क्षणी कळलं. आणि दुसऱ्या पहाटे तू तुळशीपाशी गेलीस, तेव्हा मी पुन्हा सुई टोचली. तुझ्या हाताला अर्धा तास लागायचा, आये. मला घाई होती.